नऊ गुलाबी खुंट्या

(कार पार्किंगच्या इमारतीचा चौथा मजला. कठड्यापलीकडे मनोरंजन पार्कची मागची बाजू. रविवार, सकाळचे दहा वाजून गेलेले.)

काका: म्हणून म्हणतो, काही दिसत नाही हाच पुरावा. नव्या कामाभोवती पत्रे लावून सात महिने झाले, त्यांच्या वर एक खांब आलेला नाही. रोलर कोस्टर म्हटलं की आधी खांब दिसतात, मग रूळ. इथे काहीच नाही. मग गेलं कुठे सगळं? खाली गेलं.

धाकटी: हे तुम्ही मला आत्ता जिन्यात सांगितलंत, काका. तिसऱ्या मजल्यावर.

काका: तिसऱ्या मजल्यावर मला धाप लागली होती. अर्धंच सांगितलं. चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि म्हातारपणी चार मजले पायी. खाली पाटी लावलीय, लिफ्ट बंद आहे. मी वाजवून पाहिलं. दोर ठीक आहे, दाराचा खटका गेलाय. दहा मिनिटांचं काम.

धाकटी: करू नका.

काका: करत नाहीये. दुर्बीण दे.

धाकटी: तुमच्या गळ्यात आहे.

काका: हं. जावईबापू, तिकडे खांबाला टेकून काय उभे राहिलात? कठड्याशी या. दिसायचं ते इथूनच दिसतं.

मोजणीदार: दिसतंय मला इथून.

धाकटी: राहू द्या त्यांना. पहिल्यांदाच आलेत वर. ताई असताना खाली गाडीत पेपर वाचत बसायचे, ठाऊक आहे ना तुम्हाला.

काका: ठाऊक नसायला काय झालं? तेरा वर्षं बघतोय. बायको वर, नवरा खाली. आम्ही म्हणायचो, मोजणीदार माणूस, जमीन सोडवत नाही. थोरली म्हणायची, नाही हो काका, त्यांना पायाखाली माप लागतं.

मोजणीदार: पिशव्या सांभाळायला कोणीतरी लागतं.

काका: तेही खरं. बावन्न रोलर कोस्टर केले पोरीनं, आणि बावन्न वेळा तुम्ही खाली तिची पर्स धरून उभे.

मोजणीदार: चोपन्न.

धाकटी: त्रेपन्न, भावोजी. एक मध्येच बंद पडला होता, चढावरूनच मागे आणला. तो ती मोजायची नाही.

मोजणीदार: मी मोजायचो. पर्स तर धरलीच होती.

काका: बाकीचे कोणी येतायत का, की आपण तिघंच?

धाकटी: तिघंच. एकाचे गुडघे, एकीचं बाळंतपण, वेल्डरला रविवारची पाळी. अंदाज सगळ्यांचे फोनवर आलेत, मी वहीत उतरवून घेतले. मी तरी कशी आलेय मला विचारा. काल दुकानात बारा तास उभी होते. घरी जाऊन आंघोळ केली तरी हाताला औषधांचा वास येत होता.

काका: पूर्वी बारा जण असायचो इथे. कठड्याशी जागा मिळायची नाही. थोरली सगळ्यांना कोपरानं सारायची.

धाकटी: मला तर लाथ मारायची. सख्खी बहीण म्हणून.

काका: आता बघा. मजला मोकळा पडलाय. बरं, वेळ काय झाली?

धाकटी: दहा वीस. अकराला पार्कवाले नव्या खेळाच्या पाटीवरचं कापड काढणार. ते बघा, फाटकाशी शिडी आणून ठेवलीय.

काका: म्हणजे चाळीस मिनिटं. अकराच्या आत वही बंद. एकदा पाटी उघडली की लिहिलेलं पुसायचं नाही, नवीन लिहायचं नाही. मी काय म्हणतोय, धाकटे, ऐकतेस ना?

धाकटी: तेरा वर्षं ऐकतेय. भावोजींना सांगा, त्यांना माहीत नसेल.

मोजणीदार: माहीत आहे. घरी ती तेच बोलायची. नवीन काय बसवणार त्याचा अंदाज प्रत्येकानं वहीत लिहायचा, खाली सही करायची. सही नाही तर अंदाज धरायचा नाही.

काका: आणि आतल्या माणसानं वहीला हात लावायचा नाही. ते मुख्य. वेल्डरला वर्षभर बाहेर ठेवलं होतं आम्ही. त्याचा साडू तिथे रंगाच्या कामावर होता, त्यानं जेवताना रुळाचा रंग सांगून टाकला. बिचारा स्वतःहून कबूल झाला. तरी बाहेर ठेवलं. नियम म्हणजे नियम. माहीत असलेलं सांगायला अंदाज कशाला म्हणायचं?

मोजणीदार: बरोबर आहे.

धाकटी: भावोजी, मी फोनवर म्हटलं ते त्यासाठीच. ताईचा अंदाज मी लिहून घेतलाय, हॉस्पिटलमध्ये. हे बघा, हे पान. तिनं सांगितलं, मी लिहिलं. पण सहीची वेळ आली तेव्हा तिला पेन धरवेना. म्हणाली, उद्या करते. तो उद्या आलाच नाही.

मोजणीदार: हं.

धाकटी: काका म्हणतात, घरच्यानं केली तर चालेल. फक्त एक सही. त्यासाठी तुम्हाला चार मजले चढायला लावले, रागावू नका.

काका: रागवायचं काय त्यात? शेवटचा अंदाज आहे तिचा. आणि काय अंदाज आहे. या वहीत तेरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नऊ जणांचे अंदाज आलेत आणि नऊच्या नऊ भुयार. एरवी दोघांचं पटायचं नाही. एकदा तर दोघांनी सहा महिने अबोला धरला होता, साखळीनं वर जाणार की हवेच्या दाबानं, यावरून. यंदा थोरलीनं मुद्दा मांडला आणि सगळे गप्प.

धाकटी: सगळं त्या गुलाबी खुंट्यांवरून.

काका: त्याच. जावईबापू, तुम्ही तर या धंद्यातले, तुम्हाला सांगायला नको. पत्रे लागायच्या आधी दोन आठवडे ती जागा उघडी होती. आम्ही इथूनच मोजल्या. केशरी डोक्याच्या तेहेतीस खुंट्या, वेड्यावाकड्या पसरलेल्या. ते खांबांचे पाये, शेंबडं पोरही सांगेल. निळ्या चार, ते पाणी. आणि एका रेषेत नऊ गुलाबी. गुलाबी आजवर कधी कोणी पाहिलेली नाही. त्यावर थोरलीनं बोट ठेवलं. म्हणाली, गुलाबी म्हणजे जमिनीखालचं काम.

धाकटी: आणि मग मातीच्या गाड्या.

काका: चौदा गाड्या माती बाहेर गेली. मी स्वतः मोजल्या, फाटकाशी उभा राहून. चौदा गाड्या माती काय कुंड्या भरायला नेली? आणि वर एक खांब नाही. सगळं जुळतं. हे घ्या पेन.

मोजणीदार: ही वही पुढे कोणाकडे राहते?

काका: माझ्याकडे. मी गेलो की धाकटीकडे. का?

मोजणीदार: तिचं मागचं सगळं आहे यात?

धाकटी: आहे ना. तेरा वेळा लिहिलं, अकरा बरोबर. त्यातही एकदा पार्कनं मध्येच बेत बदलला म्हणून चुकली. ती चूक ती शेवटपर्यंत मानत नव्हती. म्हणायची, मी बरोबर होते, पार्क चुकलं.

मोजणीदार: मला सही करता येणार नाही.

धाकटी: का?

मोजणीदार: मी आतला माणूस आहे.

काका: कुठल्या आतला?

मोजणीदार: त्या खुंट्या मी ठोकल्यात.

काका: कोणत्या?

मोजणीदार: सगळ्या. केशरी तेहेतीस, निळ्या चार, गुलाबी नऊ. आमच्याच ऑफिसला होतं ते काम. चार दिवस लागले.

धाकटी: ताईला माहीत होतं?

मोजणीदार: नाही. ऑफिसनं कागदावर सही घेतली होती, घरी बायकोलासुद्धा सांगायचं नाही. पण ते कारण नव्हतं. सांगितलं असतं तर तिला वहीत लिहिता आलं नसतं. वेल्डरचं मी ऐकलं होतं तिच्याकडून. म्हटलं, तिचा खेळ कशाला मोडा? मी कामावर जायचो आणि सांगायचो, दुसरीकडे मोजणी आहे. रविवारी तिला इथे सोडायचो आणि खाली पेपर धरून बसायचो. वरून ती माझ्याच खुंट्या मोजायची.

काका: हे झकास आहे. पण मग तुम्ही काही सांगितलं नाही तिला. म्हणजे तिचा अंदाज तिचाच. बाद व्हायचं कारण नाही.

मोजणीदार: सांगितलं. खोटं सांगितलं.

धाकटी: भावोजी, नीट बोला.

मोजणीदार: त्या नऊही केशरीच असायला हव्या होत्या. ते पायेच आहेत. शेवटच्या दिवशी केशरी रंगाचा डबा संपला. जवळच्या दुकानात गेलो, त्याच्याकडे गुलाबी होता. म्हटलं, चालेल. नकाशावर नंबर आहेत, रंगाला कोण विचारतो? तेवढंच. गुलाबीचा अर्थ एवढाच की डबा संपला होता.

काका: डबा संपला.

मोजणीदार: हो.

काका: सात महिने आम्ही नऊ माणसं साप साप म्हणून भुई धोपटतोय, आणि डबा संपला होता.

मोजणीदार: तुमचे तर्क कानावर यायचे. हसू यायचं आधी. मग ती आजारी पडली. मग तो दिवस आला, डॉक्टर म्हणाले, घरी न्या किंवा इथे ठेवा, आता सारखंच आहे. तुला आठवत असेल, धाकटे.

धाकटी: दोन दिवस बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवण तसंच परत जायचं.

मोजणीदार: तिसऱ्या दिवशी तू फोटो घेऊन आलीस. इथून काढलेले, खुंट्यांचे, मोठे करून. तिच्या उशाशी ठेवलेस आणि गेलीस दुकानात. तासाभरानं तिनं मान वळवली. फोटो हातात घेतला. म्हणाली, अहो, तुमच्या धंद्यात गुलाबी म्हणजे काय?

धाकटी: आणि तुम्ही म्हणालात.

मोजणीदार: डबा संपला असेल, हे तोंडावर आलं होतं. अगदी तोंडावर. पण ती माझ्याकडे बघत होती. दोन दिवसांनी बघत होती. मी म्हटलं, गुलाबी म्हणजे सहसा जमिनीखालचं काम. ती उठून बसली. मला म्हणाली, उशी सरळ करा.

काका: अरे देवा.

मोजणीदार: त्या रात्री जेवली.

धाकटी: मला त्या रात्री फोन केला होता तिनं. चौकटीचा कागद आण म्हणाली, मोठा.

मोजणीदार: हो.

धाकटी: मी तीन महिने रोज तुमच्यासमोर बसून ते भुयार काढलं, भावोजी. ती डोळे मिटून सांगायची, मी काढायचे. इथे उतार, इथे डावीकडे वळण, इथे अंधार. दुकानातून थेट यायचे, पाय सुजलेले असायचे. तुम्ही शेजारी बसून माझ्या पेन्सिलला टोक करून द्यायचात.

मोजणीदार: हो.

धाकटी: एकदा उताराचा कोन तुम्ही सुधारलात.

मोजणीदार: कोन चुकला होता. तेवढ्या उतारावर गाडी वळणात अडकली असती.

धाकटी: कुठली गाडी, भावोजी?

काका: धाकटे, जरा दमानं.

धाकटी: दमानंच बोलतेय. कुठली गाडी? मी विचारतेय फक्त.

मोजणीदार: ती विचारायची, खोली किती असेल. मी घरी जाऊन हिशोब करायचो, मातीचा भार, पाण्याची पातळी, सगळं. खरं काम करतो तसंच. दुसऱ्या दिवशी आकडा सांगायचो. वेगळं काही सुचत नव्हतं करायला.

काका: जावईबापू, माझ्या धंद्यात एकच पाप असतं. सहा माणसं लिहिलं तर सहाच. दोर आठांचा नसेल तर आठ लिहायचं नाही, मालक पाया पडला तरी. तुमच्या धंद्यातलं मला ठाऊक नाही.

मोजणीदार: तेच आहे. एका बंगलेवाल्यानं खुंटी फूटभर सरकव म्हणून तीन दिवस घरी चकरा मारल्या. सरकवली नाही. तीस वर्षांत कोणासाठी बोटभर सरकवली नाही. खोटं माप एकदाच दिलं, ते तिला दिलं.

धाकटी: तिला कळलं असेल का?

मोजणीदार: नाही.

धाकटी: ताई हुशार होती. तुमचा चेहरा तिला वाचता यायचा. कदाचित कळलं असेल आणि...

मोजणीदार: नाही, धाकटे. मीही हेच घोळवत बसायचो. कळलं असेल, माझ्यासाठी गप्प बसली असेल. तसं काही नाही. कळलं असतं तर तिनं मला धुतलं असतं. तिनं माझं ऐकलं, कारण मापाच्या बाबतीत मी कधी खोटं बोललो नव्हतो. तिला ते खरंच वाटत होतं.

काका: चौदा गाड्या माती?

मोजणीदार: शौचालयाची टाकी.

काका: आणि त्या नऊ गुलाबी?

मोजणीदार: रांगेत उभं राहतात तिथलं छप्पर. उन्हासाठी.

काका: आणि खांब वर का नाही आले, हे आता मी विचारणार नाही. माझंच मला कळायला लागलंय.

मोजणीदार: सगळ्यात उंच जागा चार मीटर आहे. पत्रे साडेपाच.

काका: चार मीटर. माझ्या घरात माळा त्याहून उंच आहे.

धाकटी: वाजले किती?

काका: दहा चव्वेचाळीस.

मोजणीदार: मी आलो ते एक मागायला. माझं ऐकून घ्या. भुयार हा अंदाज माझ्या नावावर लिहा. हवं तर समोर लिहा, मोजणीदाराची चूक, रंगाचा डबा संपला म्हणून. तिच्या नावापुढे रिकामं सोडा. तेरा वेळा लिहिलं, अकरा बरोबर, ते तसंच राहू दे. माझ्यामुळे तिच्या नावावर शेवटी चूक नको.

काका: तुम्ही वहीत नाही. तुमच्या नावाचा रकाना नाही.

मोजणीदार: मग नुसतं तिचं पान काढून टाका.

धाकटी: नाही.

मोजणीदार: धाकटे, अकरानंतर खोडता यायचं नाही. आत्ताच आहे वेळ.

धाकटी: मला कळतंय वेळ आहे ते. तिचे शेवटचे तीन महिने रिकामे सोडा म्हणताय तुम्ही. किंवा तुमच्या नावावर घ्या म्हणताय. चूक तुमची आहे, ती घ्या, घरी न्या, ती मी तुमच्याकडून काढून घेणार नाही. पण भुयार तुमचं नाही. तुम्ही एक शब्द बोललात. वळणं तिनं घातली. तिसऱ्या वळणानंतर गाडी अर्धा सेकंद थांबल्यासारखी करायची आणि मग सोडायची, हे तुमच्या डोक्यात आलं असतं? तुम्ही साध्या पाळण्यात बसला नाहीत जन्मात.

मोजणीदार: नसतं आलं.

धाकटी: मग. काका, माहेरची सही चालते का?

काका: नियमात माहेर-सासर लिहिलेलं नाही. घरचं माणूस, एवढंच आहे. पण तुला आता आतलं कळलंय. आतलं कळलेल्यानं सही करायची नाही.

धाकटी: मला बरोबर काय ते कळलंय आणि मी चुकीच्या खाली सही करतेय. यात मी लबाडी काय केली?

काका: काही नाही केलीस. नियमाला हे सुचलंच नव्हतं. मला पण नव्हतं सुचलं, नियम मीच केलाय.

मोजणीदार: चूक म्हणून लागेल ती. वही तुझ्याकडे येईल तेव्हा दिसेल तुला दर वेळी.

धाकटी: दिसू दे. चौदा वेळा लिहिलं, तीनदा चुकली. नवऱ्याचं ऐकून चुकली. बायका त्याहून भलत्या गोष्टींत नवऱ्याचं ऐकतात. पेन द्या.

काका: घे. खाली सही, बाजूला तारीख. तुझ्या स्वतःच्या अंदाजाचं काय? तोही भुयारच आहे.

धाकटी: राहू दे.

काका: माझाही राहू दे. मी बदलूच शकत नाही. मला आता कळलं, म्हणजे मीही आतला झालो. अर्ध्या तासापूर्वी निवांत होतो मी.

धाकटी: बाकीच्यांना फोन करायचा? अजून दहा मिनिटं आहेत.

काका: कशाला? चुकू दे सगळे. बऱ्याच दिवसांत सगळ्यांनी मिळून काही केलेलं नाही.

धाकटी: झाली सही.

मोजणीदार: मी थांबू का खाली?

काका: थांबा इथेच. उघडलीच आहे म्हणा पाटी, तो बघा चढला शिडीवर. अकरा वाजायच्या आधीच. या लोकांना वेळेचं काही नाही. कापड अडकलंय. ओढ रे, ओढ. आलं.

धाकटी: काय आहे?

काका: आगगाडी आहे. छोटी. पुढच्या डब्याला डोळे काढलेत.

धाकटी: डोळे?

काका: डोळे. पापण्यासुद्धा आहेत. आणि हसतेय. खाली लिहिलंय, तीन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी, सोबत आईवडील बसू शकतात. डोंगर पोखरून उंदीर म्हणतात तो हा. इथे तर पोखरलाही नाही.

धाकटी: द्या बघू दुर्बीण. खरंच की, पापण्या आहेत.

काका: थोरलीनं काय म्हटलं असतं?

धाकटी: ती रांगेत उभी राहिली असती. पोरांच्या मागे. मोजण्यासाठी का होईना, बसली असती. आणि उतरून शिव्या दिल्या असत्या. थांबा, फोन आला. वेल्डरचा मेसेज आहे.

काका: काय म्हणतोय?

धाकटी: म्हणतोय, पार्कनं टाकलेला पाटीचा फोटो फोनवर बघितला, वरवर साधी वाटते. पण भुयार पाटीवर कोण दाखवेल? मुद्दाम लपवलं असणार. खाली बाळंतीणबाईंनी लिहिलंय, मलाही तेच वाटलं.

काका: मुद्दा बरोबर आहे त्याचा.

धाकटी: काका.

काका: म्हणजे, आपल्याला माहीत नसतं तर. मी निघतो पुढे. मला उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागतो. वही राहू दे तुझ्याकडेच, मला तेवढं वजनही नको. जावईबापू, एक सांगतो. मी रागावलोय तुमच्यावर. पुढच्या रविवारीही रागावलेला असेन. तरी या.

मोजणीदार: बघतो.

काका: बघू नका, या. कठड्याशी जागा आहे आता.

धाकटी: सावकाश उतरा. कठड्याला धरून.

मोजणीदार: तुला घरी सोडतो. गाडी खालीच आहे.

धाकटी: जाऊ. जरा टेकते इथे. पाय दुखतायत. तुम्हीही टेका, दमलेले दिसताय.

मोजणीदार: झोप येत नाही. तीनला जाग येते, मग बसून राहतो.

धाकटी: मलाही. गोळ्या देते मी दिवसभर लोकांना झोपेच्या, आणि स्वतः छताकडे बघत पडते. मी रागावलेय तुमच्यावर. काकांपेक्षा जास्त.

मोजणीदार: हो.

धाकटी: पण तिला जेवताना बघितलंय मी. त्या तीन महिन्यांत. ते मला कुठे ठेवायचं कळत नाहीये.

मोजणीदार: मलाही नाही कळत.

धाकटी: शेवटच्या दिवशी मी दुकानात अडकले होते. यायला साडेपाच झाले. तोवर ती झोपली होती, मग उठलीच नाही. तुम्ही होतात ना दुपारभर?

मोजणीदार: होतो.

धाकटी: बोलली काही?

मोजणीदार: चारच्या सुमाराला. पाणी मागितलं. दोन चमचे घेतलं. मग भुयाराचं विचारत होती.

धाकटी: काय विचारलं?

मोजणीदार: आत दिवे आहेत का, म्हणाली. म्हटलं, नाहीत. मग म्हणाली, किती लांब आहे?

धाकटी: काय सांगितलंत?

मोजणीदार: म्हटलं, फार नाही. गाडी लगेच बाहेर येते.